लाल टेस्टला 'री-रन' : मेसेजिंगच्या कोडमध्ये तरी हे बटण काढून टाकावं

आमची सर्व्हिस काफ्कावर (प्रोग्रॅममध्ये मेसेज पोचवणारी यंत्रणा) चालते. तिच्या इंटिग्रेशन टेस्ट (सगळे भाग जोडून केलेल्या चाचण्या) कधी पास, कधी फेल. कोड तोच. टेस्ट फेल होऊन बिल्ड लाल झाली की कोणीतरी री-रन दाबून ती पुन्हा चालवतं, हिरवी झाली की कोड मुख्य शाखेत मर्ज.

मध्यंतरी अशीच एक टेस्ट मी धरून बसलो. ती नव्या ग्रुप आयडीने (गटाच्या नावाने) कन्झ्युमर, म्हणजे मेसेज वाचणारा प्रोग्रॅम, सुरू करते, चार सेकंद स्लीप, मग मेसेज पाठवून तो येण्याची वाट पाहते. नव्या ग्रुपला पार्टिशन (टॉपिकचा, म्हणजे मेसेजच्या प्रवाहाचा, एक भाग) वाटण्याआधी ब्रोकर, म्हणजे काफ्काचा सर्व्हर, मुळातच ३ सेकंद थांबतो, त्यामुळे रनर (टेस्ट चालवणारं मशीन) जरा संथ झाला की पार्टिशन मिळायच्या आतच मेसेज पोचतो. ऑफसेट रीसेट (आधीची जागा नोंदलेली नसेल तर कुठून वाचायचं ते सेटिंग) डीफॉल्टने 'लेटेस्ट', म्हणजे आधीच येऊन गेलेला तो मेसेज कन्झ्युमरला कधीच दिसत नाही. सगळे म्हणत होते टाइमआउट वाढवा. अरे, जो येणारच नाही त्याची तासभर वाट पाहून काय होणार?

आणि हे फक्त टेस्टमध्ये घडत नाही. प्रॉडक्शनला टॉपिकचे पार्टिशन वाढवले, की नवं पार्टिशन कन्झ्युमरला कळायला डीफॉल्टने ५ मिनिटांपर्यंत लागू शकतात. तोवर त्यात पडलेले मेसेज याच 'लेटेस्ट' सेटिंगमुळे सुटतात. टेस्ट तेच ओरडून सांगत होती.

प्रतिसाद १
मी रिलीज सांभाळते, त्यामुळे असहमत. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे मांडले होते : जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा, म्हणजे कोड तोच असून कधी पास, कधी फेल. एवढं मनुष्यबळ असून त्यांना जमत नाही, तर आमच्या सहा जणांच्या टीमने बटण काढून काय साधेल? संध्याकाळी पाच जणांचं काम एका संथ रनरपायी अडकतं, तेव्हा री-रन लागतोच. फ्लेकी टेस्ट वेगळ्या काढा, बाकीच्यांना जाऊ द्या.

प्रतिसाद २
वेगळी काढलेली टेस्ट परत कोण आणतं? आमच्याकडे ती यादी फक्त वाढत गेली.
२०१४ साली अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांतल्या फ्लेकी टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या गेल्या. सुमारे ४५ टक्क्यांचं मूळ एकच : असिंक्रोनस (मागे आपल्या वेळेने चालणाऱ्या) कामाची नीट वाट न पाहणं. मेसेजिंगमध्ये तर सगळं कामच असिंक्रोनस. स्लीप काढा, पार्टिशन मिळून ऑफसेट (वाचायची जागा) ठरेपर्यंत थांबा आणि मगच पाठवा.

प्रतिसाद १
त्याच अभ्यासात मूळ कोड बदलावा लागला तो २४ टक्के दुरुस्त्यांत. म्हणजे चारातल्या तीन वेळा दोष टेस्टचाच होता. त्यासाठी सगळ्यांना रोखून धरायचं?

धागाकर्ता
चौथ्या वेळी ग्राहकाचा पेमेंटचा मेसेज हरवतो, आणि री-रन दाबताना ही कितवी वेळ आहे ते कोणालाच माहीत नसतं. तुमची अडचण मात्र खरी आहे. एवढं तरी करूया : री-रन दाबायचा, पण आधी फेल झालेल्या रनचे ब्रोकर आणि कन्झ्युमरचे लॉग जपून तिकिटाला जोडायचे. आज री-रन केला की टेस्ट जिथे चालली तो कंटेनर लॉगसकट पुसला जातो.

प्रतिसाद १
लॉग जपायला माझी हरकत नाही. तिकीट कोणाच्या नावावर, ते आधी ठरवा.