मदत हवी आहे: भाऊ केंद्रातून घरी आलाय, व्यायामाला कसा लावू?

पाचपाखाडी_ताई:
व्यसनमुक्ती केंद्रातून भाऊ घरी येऊन महिना झाला. व्यायामाने तलफ कमी होते असं तिथे सांगितलंय. रोज साडेपाचला उठवते. एक बूट घालतो, दुसरा हातात धरून पलंगावर अर्धा तास बसून राहतो. आई रडते. ठाण्यातली चांगली जिम सांगा, लवकर.

कळवेकर:
व्यसन कशाचं? दारू, गर्द, एमडी (मेफेड्रोनची पावडर)? वय किती? औषधं चालू आहेत का?

दंडबैठक:
रोज १०८ सूर्यनमस्कार घाला. माझी तंबाखू त्यानेच सुटली. घामावाटे सगळं विष निघून जातं.

कळवेकर:
घामाने नशा उतरत नाही हो. व्यायामाने झोप सुधारते, मन थोडं थाऱ्यावर येतं, पण औषधोपचार आणि समुपदेशनाच्या जोडीला. आणि तंबाखूचा हिशोब इथे लावू नका.

दंडबैठक:
अनुभव सांगितला, चुकलं काय?

वाशी_फिट:
वजन वाढवायचं असेल तर रोज चार अंडी द्या.

पाचपाखाडी_ताई:
वजनाचा प्रश्नच नाहीये. एमडी घ्यायचा. वय २३. झोपेची गोळी चालू आहे, तरी झोप लागायला तीन वाजतात.

नेरूळ_पूर्व:
मग साडेपाचला कशाला उठवता त्याला? मी ब्राउन शुगर सोडून चार वर्षं क्लीन आहे. तलफ यायची संध्याकाळी सातला, जुनी पोरं नाक्यावर जमायची तेव्हा. लाट वीस-पंचवीस मिनिटांत ओसरायची, तेवढ्या वेळात काका मला पाम बीच रोडला चालायला न्यायचे. त्याला कधी येते ते विचारा आणि त्याच वेळी सोबत जा. एकट्याला जिममध्ये धाडू नका, मला पहिली पुडी जिममध्येच मिळाली होती. एमडीने हृदयावर ताण येतो, जोराचा व्यायाम ईसीजी काढून डॉक्टरांना विचारल्यावरच. अडलं तर १४४४६, सरकारी हेल्पलाइन.

कळवेकर:
कचराळी तलाव जवळच आहे की तुम्हाला.

वाशी_फिट:
तिथे संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही.

कळवेकर:
पाचपाखाडीतून कचराळीला गाडी?

पाचपाखाडी_ताई:
त्यालाही सातलाच येते म्हणाला. आज पावणेसातला चालत गेलो, तीन फेऱ्या झाल्या. बूट त्याने आपणहून घातले. उद्या ईसीजी काढतोय. डॉक्टरांना एमडीचं सांगायचं का?

नेरूळ_पूर्व:
सांगायचंच. आणि ते त्याला सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा.