सिग्नलवर थांबताच इंजिन मिस मारते. इंजेक्टर बदलण्याआधी काय तपासावे?

प्रश्नकर्ता (त्रिमूर्तीनगर, नागपूर) :
नमस्कार. माझी गाडी चार सिलिंडरची, बीएस-४ पेट्रोल असून सुमारे ७५,००० किलोमीटर चालली आहे. अलीकडे व्हरायटी चौक किंवा अजनी चौकात सिग्नलवर थांबलो की इंजिन मिस मारू लागते, स्टिअरिंग थरथरते आणि आरपीएमचा काटा ७५० वरून ५५० पर्यंत खाली जाऊन पुन्हा वर येतो. सकाळी घरून निघताना इंजिन व्यवस्थित चालते आणि वर्धा मार्गावरील उड्डाणपुलावर वेगात असताना तर कसलीच तक्रार नसते. गॅरेजमध्ये स्पार्क प्लग व एअर फिल्टर बदलून झाले, थ्रॉटल बॉडीही साफ झाली, तरी फरक पडलेला नाही. स्कॅनरवर पी ०३०० आणि पी ०१७१ असे दोन कोड येतात. आता चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. एवढा खर्च करण्याआधी आणखी काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेट्रोल इंजिनवाला (सदर) :
इंजेक्टरचा खर्च सध्या थांबवा, कारण तुम्ही दिलेली लक्षणे दुसरीकडे बोट दाखवतात. एखादी कॉइल, प्लग किंवा इंजेक्टर बिघडला असता तर बहुधा त्याच सिलिंडरचा कोड आला असता. पहिल्या सिलिंडरसाठी पी ०३०१, दुसऱ्यासाठी पी ०३०२, याप्रमाणे. पी ०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे) एका सिलिंडरपुरता नाही, आणि पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त व पेट्रोल कमी पडते आहे. चारही सिलिंडरांना एकाच वेळी भोवणारे कारण आपल्याला शोधायचे आहे.

त्यासाठी स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे आकडे पाहा, म्हणजे मिश्रण जुळवण्यासाठी गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो (अधिक) किंवा घटवतो (उणे) ते कळेल. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर असेल आणि इंजिन २,५०० आरपीएमवर नेल्यावर शून्याच्या जवळ येत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे असे समजावे. आयडलवर थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यामुळे इंजिनात मुळातच थोडी हवा जाते आणि त्यात गळतीच्या हवेचा वाटा मोठा ठरतो; आरपीएम वाढले की तीच गळती नगण्य होते. पेट्रोल पंप अशक्त असता किंवा इंजेक्टर तुंबले असते, तर गाडीने नेमकी उड्डाणपुलाच्या चढावर मान टाकली असती. सकाळी गार इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देतो आणि आयडलही उंच ठेवतो, म्हणून त्या वेळी दोष झाकला जातो.

चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग वितळतो.

विदर्भचालक :
वरील मताशी सहमत आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बॉनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते, त्यामुळे रबरी नळ्या कडक होऊन क्लिपेच्या खाली चिरतात, जिथे ती चीर सहज दिसत नाही. पीसीव्हीची (इंजिनातील वाफा पुन्हा आत खेचणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी काढून, वाकवून पाहावी. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर क्लीनरचा फवारा मारण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण त्यातून आग लागू शकते. धुराची चाचणी, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे, अधिक चांगले. ज्या गाड्यांत हवा थेट मोजण्याऐवजी मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागातील) दाबावरून हिशेब होतो, तिथे गळती असूनही ट्रिम फारसा हलत नाही, उलट आयडल चढते. तुमच्या गाडीत कोणता सेन्सर आहे, ते आधी पाहून घ्या.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. गाडीत हवा थेट मोजणारा सेन्सर आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी केली तेव्हा ट्रिम अधिक ३ टक्के होता आणि इंजिन शांत चालत होते. ब्रेकवर पाय ठेवताच तो हळूहळू १८ टक्क्यांवर गेला आणि थरथर सुरू झाली. पाय काढल्यावर इंजिन पुन्हा सावरले. एसीचा पंखा बंद केला, तेव्हा पेडलच्या मागून बारीक फुसफुस ऐकू आली.

पेट्रोल इंजिनवाला (सदर) :
तुम्ही अगदी मोलाची गोष्ट टिपली आहे. पेडल दाबायला जोर कमी लागावा म्हणून असलेला ब्रेक बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढण्याच्या शक्तीवर) चालतो, आणि त्याचा पडदा किंवा आतला व्हॉल्व्ह गळत असेल तर पेडल दाबल्यावर बाहेरची हवा बूस्टरमधून थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. खात्रीसाठी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जाते. त्यानंतर पेडल दाबलेले असतानाच इंजिन बंद करून अर्धा मिनिट थांबा. पेडल पायाला वर ढकलू लागले, तर व्हॅक्यूम टिकत नाही हे नक्की. मग उभ्या गाडीत एकाने पेडल दाबून ठेवावे आणि दुसऱ्याने बूस्टरकडे जाणारी रबरी नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबावी. इंजिन सावरले, तर दोष बूस्टरचाच आहे. नळी कडक प्लास्टिकची असेल तर मात्र ती दाबू नका, तडकेल.

आता हा प्रश्न केवळ आयडलचा उरलेला नाही. बूस्टर निकामी झाला तर पेडल दगडासारखे कडक होते आणि गाडी थांबवायला पायाचा सारा जोर लागतो, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्ता :
चाचणीत पेडल वर आले आणि नळी दाबताच इंजिन सावरले. गाडी उभी करून ठेवली असून मेकॅनिक घरी येऊन बूस्टर बदलणार आहे. त्यांच्याकडून काय पाहून घ्यावे?

विदर्भचालक :
जुना बूस्टर उतरवल्यावर त्यात ब्रेक ऑइल सापडते का, ते स्वतः पाहा. सापडले, तर मास्टर सिलिंडरची (बूस्टरला जोडलेल्या, ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाची) मागची सील गळते आहे. ती तशीच ठेवली तर नवा पडदाही त्याच तेलाने खराब होईल. पुशरॉडची (बूस्टरमधून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्याची) लांबी कंपनीच्या मापाप्रमाणे जुळवून घ्यावी, कारण ती जास्त झाली तर ब्रेक धरून राहतात आणि कमी पडली तर पेडल खोल जाते. नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह हवा बूस्टरकडून इंजिनाकडे जाईल अशाच दिशेने बसवायला सांगा. काम झाल्यावर स्कॅनरने कोड पुसून ट्रिम रिसेट करावा आणि इंजिन गरम झाल्यावर, ब्रेकवर पाय ठेवून, तेच आकडे पुन्हा तपासावेत.