काड्या पूर्ण, नेट गुल : लॅपटॉपच्या वायफायचा अनुभव धागा

खटपट्या
खण आवरताना जुनं वायफाय कार्ड हाताला लागलं. लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत सरकवायचं, टोकाला काळं बोंडूक, ८०२.११बी (वायफायची जुनी पिढी), वेग ११ एमबीपीएस. २००३ साली इंटेलचं सेंट्रिनो आलं, वायफाय लॅपटॉपच्या पोटात गेलं आणि कार्ड काढून, फुंकर मारून परत बसवायची सोय संपली. दुखणी मात्र तीच राहिली. म्हणून हा धागा.

फक्त "नेट चालत नाही" असं लिहू नका, कुठवर चालतं ते लिहा. कमांड प्रॉम्प्ट उघडून तीन पिंग करायचे, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघायचं. पहिला राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१, खात्रीचा पत्ता आयपीकॉन्फिग या कमांडमध्ये डीफॉल्ट गेटवेसमोर असतो). दुसरा ८.८.८.८ ला, हा गूगलचा. तिसरा एखाद्या साइटच्या नावाला. पहिलाच अडला तर भानगड लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये. दुसरा अडला तर राउटरच्या पलीकडे. दोन्ही गेले आणि नावच सापडत नसेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय. हे न करता ड्रायव्हर उडवत बसू नये.

नुसतीच वाचते
त्याच्याही आधी भिंतीवरच्या डब्याचे दिवे बघा ना. एलओएस लाल लुकलुकतोय म्हणजे बाहेरच्या फायबरमधून उजेडच येत नाहीये, किंवा वायर कुठेतरी फार वाकली आहे. लॅपटॉपला हात लावू नका, तक्रार नोंदवा आणि चहा टाका.

रात्रपाळी
आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर वायफाय जुळलंय, पण राउटरने पत्ता दिलेला नाही. विंडोजने स्वतःच मनाने घेतलाय. आयपीकॉन्फिग /रिलीज, मग /रिन्यू.

तरी तेच आलं तर राउटरची पत्त्यांची थैली रिकामी झाली असेल. पीजी, हॉस्टेल, क्लासेसमध्ये हे फार होतं. डीएचसीपीची (पत्ते वाटणाऱ्या सोयीची) हद्द १०० ते १४९ ठेवलेली असते, म्हणजे जेमतेम ५० पत्ते. त्यात हल्लीचे फोन बदलते मॅक पत्ते (उपकरणाचा ओळख क्रमांक) वापरतात, एकच फोन दोन-तीन जागा अडवून बसतो. लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, २४ तास असेल तर २ तास करा, हद्द २ ते २५४ करा. राउटर बंद-चालू केल्यावर "आपोआप बरं झालं" वाटतं ते यामुळेच. दोन दिवसांनी परत रडगाणं.

आणि कुणी ऑफिससाठी हाताने आयपी टाकून ठेवलाय का तेही बघा. घरी आल्यावर तोच नडतो.

टर्मिनलबाई
नेटवर्कची सगळी घडी विस्कटली असेल तर क्रम असा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.
नेटएसएच विनसॉक रीसेट
नेटएसएच इंट आयपी रीसेट
आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस
मग रीस्टार्ट. शट डाउन नाही, रीस्टार्टच! फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर पूर्ण मिटतच नाहीत, डिस्कवर साठवून ठेवतात आणि तेच परत उठतात. "दहा वेळा बंद करून बघितलं" म्हणणाऱ्यांचं इथेच फसतं.

मधूनच तुटत असेल तर: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट. गेल्या तीन दिवसांत कधी जोडलं, कधी तुटलं, कारण काय, सगळं आलेखासकट एका फाइलमध्ये येतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. पासवर्ड चुकला की ड्रायव्हर मेला, तिथे कळतं.

खटपट्या
ताई, कुणीतरी हे देवनागरीतच टाइप करणार बघा 😄

टर्मिनलबाई
करू देत. विंडोज म्हणेल ही कमांड ओळखीची नाही.

कोकणी मेवा
जांभ्याच्या भिंती असलेल्यांनी ५ गीगाहर्ट्‌झचा हट्ट सोडा. एका भिंतीत अर्धा जीव जातो, दुसरीत उरलेला. आतल्या खोलीत लॅपटॉप २.४ वर ठेवा. त्यात चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. ३ किंवा ४ वर ठेवलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण. ५ लाच राहायचं असेल तर केबल ओढून दुसऱ्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट (तिथे वायफाय पसरवणारा डबा).

राउटर कपाटावर नको, टीव्हीमागे नको, माशांच्या टाकीजवळ तर नकोच. पाणी २.४ ला गिळतं.

आवळा कँडी
लोखंडी कपाटावर, खोट्या फुलांच्या मागे, वरून क्रोशाचा रुमाल. बोला आता.

कोकणी मेवा
रुमालाने काही होत नाही, सिग्नल त्यातून आरामात जातो. राउटर तापतो तेवढा. कपाटाने मात्र खालची अख्खी बाजू झाकली.

आवळा कँडी
रुमाल काढला तर सासूबाई तापतात. राहू दे.

रात्रपाळी
सिग्नल अंदाजाने नको, आकड्यात बघा. नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस केलं की टक्के दिसतात. विंडोजमध्ये १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप), ० म्हणजे उणे १००. टक्क्यांचे निम्मे करून त्यातून १०० वजा करा. ६६ टक्के म्हणजे उणे ६७, व्हिडिओ मीटिंगला साधारण एवढा तरी हवा. उणे ८० च्या खाली नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. मॅकबुकवाल्यांनी ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि नॉइज दोन्ही दिसतात.

स्क्रूड्रायव्हर
राउटरशेजारी बसलं की झकास आणि दहा फुटांवर गेलं की मेलं, शिवाय शेजारी ठेवलेल्या फोनला रेंज व्यवस्थित? मग सॉफ्टवेअर सोडा. अँटेनाची वायर निघालेली आहे.

लॅपटॉपच्या वायफाय कार्डावर सहसा दोन बारीक वायरी येतात, मेन आणि ऑक्स. त्या बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या चौकटीत संपतात. म्हणून बिजागरी बदलली, स्क्रीन बदलली की नंतर ही तक्रार येते. एकतर वायर चेमटते, नाहीतर परत लावायची राहते. दुरुस्तीहून मशीन घेताना दुकानातच दहा-पंधरा पावलं लांब जाऊन वेग बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फोनच्या हॉटस्पॉटवरसुद्धा हे दोन मिनिटांत होतं.

स्वतः उघडणार असाल तर: चार्जर काढा, खालचं झाकण काढा, सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कार्ड हल्ली एम.२ २२३०, म्हणजे २२ मिमी रुंद, ३० लांब, एकच स्क्रू. वायरीचं गोल टोक बरोबर वर धरून नखाने सरळ खाली दाबा, टक् आवाज येतो. तिरकं दाबलं तर कार्डावरची पितळी कडा वाकते आणि मग कार्डच गेलं. सारखी काढघाल करू नका, कनेक्टर सैल पडतो.

माळ्यावरचा
कार्डच बदलायचं तर कुठलं? इंटेलचं एएक्स२०१ स्वस्त मिळतंय.

स्क्रूड्रायव्हर
थांबा, घेऊ नका. एएक्स२०१, एएक्स२११ ही सीएनव्हीआय जातीची. निम्मं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं, कार्ड म्हणजे उरलेलं निम्मं. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल मशीनमध्ये बसेल पण दिसणार नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या, ती स्वतंत्र आहेत. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डंच स्वीकारतं, आणि बारीक मॉडेलांत कार्ड बोर्डावर झाळलेलंच असतं. आधी उघडून बघा, मग पैसे.

माळ्यावरचा
वाचवलंत दादा 🙏

फिलाडेल्फियाची फिरकी
सुट्टीला भारतात येणाऱ्यांसाठी. फोनला घरचं वायफाय दिसतं आणि तिकडून आणलेल्या लॅपटॉपला ते नावच दिसत नाही, असं झालं तर राउटरचं चॅनल बघा. भारतात २.४ मध्ये १२ आणि १३ चालतात, अमेरिकेसाठी बांधलेली काही कार्डं ११ च्या पुढे बघतच नाहीत. ऑटो काढून ६ करा.

रात्रपाळी
त्यालाच जोडून. ५ गीगाहर्ट्‌झचं नाव राउटर चालू केल्यावर मिनिटभर येतच नसेल तर तो ५२ किंवा त्यापुढच्या रडारवाल्या चॅनलवर आहे. तिथे आधी किमान ६० सेकंद कान देऊन ऐकावं लागतं, रडार ऐकू आलं की जागा सोडावी लागते. विमानतळाजवळ राहणाऱ्यांचं मधेच तुटतं ते यामुळे असू शकतं. ३६ ते ४८ वर ठेवा.

सदाशिवपेठी
नवा राउटर आणला आणि जुना लॅपटॉप त्याला जोडतच नाही, यावर कुणी लिहिलं नाही अजून. दोन कारणं. एक, वायफाय ६ चं नाव इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरांना दिसत नाही. ड्रायव्हर अद्ययावत करा किंवा राउटरवर ८०२.११एएक्स (म्हणजेच वायफाय ६) बंद करून बघा. दोन, नाव दिसतं पण जोडत नाही, तर सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर असेल. डब्ल्यूपीए२ एईएस करा. टीकेआयपी निवडू नका, वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

कोकणी मेवा
आणि ड्रायव्हर उतरवायला नेट नाही, नेटला ड्रायव्हर नाही!

टर्मिनलबाई
फोन केबलने लावा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइडला विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. केबल मात्र डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नको. लिनक्सवाल्यांनी आधी आरएफकिल लिस्ट ही कमांड द्या, वायफाय बंद करून ठेवलंय का ते कळतं. सॉफ्ट ब्लॉक यस असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल. हार्ड ब्लॉक यस असेल तर बाजूचं बटण किंवा एफएन की.

आवळा कँडी
माउस जवळ ठेवला की वायफाय अडखळतं, हे माझ्या मनाचे खेळ की खरंच?

स्क्रूड्रायव्हर
माउसवर संशय नको. त्याच्याशेजारी निळ्या खाचेत पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क आहे का? यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गीगाहर्ट्‌झमध्ये सांडतो. माउस आणि वायफाय दोघंही तिथेच राहतात. डिस्क लांब केबलवर घ्या, लॅपटॉप ५ वर टाका.

आवळा कँडी
डिस्कच आहे!! लग्नाच्या व्हिडिओची.

नुसतीच वाचते
वायफाय जोडलंय, पिंग जातो, पण प्रत्येक साइट "सुरक्षित नाही" म्हणते, तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. आतला सेल मेला की जुन्या लॅपटॉपची तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेट अवैध ठरतात.

सदाशिवपेठी
स्टेशनवरच्या वायफायला ओटीपीचं पान उघडत नसेल तर डीएनएस हाताने टाकलेला असतो. ऑटोमॅटिक करा, व्हीपीएन बंद करा.

आवळा कँडी
डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॉवर मॅनेजमेंटची खूण काढा म्हणतात सगळे. माझ्याकडे तो टॅबच नाही.

टर्मिनलबाई
मॉडर्न स्टँडबायवाल्या (फोनसारखं अर्धवट झोपणाऱ्या) लॅपटॉपांवर तो दिसत नाही, तुमची चूक नाही. झाकण उघडल्यावर वायफाय उठत नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर आणि बायोस दोन्ही घ्या. अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक. नेटवर्क रीसेट अगदी शेवटी. सगळे साठवलेले पासवर्ड जातात.

माळ्यावरचा
खटपट्या, ते जुनं कार्ड चालतं का हो अजून?

खटपट्या
याला डब्ल्यूपीए२ येत नाही, घरचा राउटर दारातही उभं करणार नाही. आणि त्यासाठी सुरक्षा उघडी टाकायला मी काही कपाटावर बसलेलो नाही.

आवळा कँडी
कपाटाचं नाव काढू नका 😑