आपली पद्धत लागू पडत नसेल, तर दुसरी आहे हे सांगायलाच हवं का?

खडूफळा:
ओशेरॉफ खटला, म्हणजे गोळ्या न देता फक्त मनोविश्लेषण (बोलण्यातून मनाचा तळ शोधणारा उपचार) केलं म्हणून पेशंटनं रुग्णालयावर भरलेला दावा. तो शिकवताना ‘मनोविश्लेषण हरलं, औषधं जिंकली’ म्हणून गुंडाळतात. पण नीतीचा मुद्दा कोणता? विश्लेषकानं गोळ्या सुचवायच्या का? आणि लागू पडत नाही हे किती दिवसांनी ठरवायचं?

जुनी_सही:
हरलं-जिंकलं कुणीच नाही. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, त्यामुळे पायंडा पडेल असा निकालच नाही. राफेल ओशेरॉफ स्वतः मूत्रपिंडाचे डॉक्टर. १९७९ मध्ये तीव्र नैराश्यासाठी अमेरिकेतल्या मेरीलँडच्या चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात दाखल झाले. सात महिने, आठवड्याला चार बैठका, नैराश्यावरच्या गोळ्या नाहीत. वजन साधारण १८ किलो उतरलं, येरझाऱ्या घालून तळपायाला फोड आले. सिल्व्हर हिल या दुसऱ्या रुग्णालयात हलवून औषधं सुरू केल्यावर तीन महिन्यांत घरी गेले.

मूळ दुखणं आत्मप्रीतीच्या व्यक्तिमत्त्वदोषात आहे, असं लॉजचं म्हणणं. एकदा तसं ठरलं की पेशंट खालावला तरी तो ‘प्रतिकार’, म्हणजे पेशंटच्या मनाचा उपचाराला विरोध, म्हणून खपतो. माझ्या मते खरी गोम इथे आहे. पंथ कोणता हे दुय्यम. १९९० मध्ये क्लर्मन आणि स्टोन या मानसोपचारतज्ज्ञांची यावरच जुंपली: सिद्ध झालेला उपचार मिळणं हा पेशंटचा हक्क, की शास्त्राचा वाद कोर्टानं सोडवूच नये?

तिरपी_रेघ:
किती दिवसांनी? नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या, गुण ० ते २७, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. पहिल्या भेटीत, मग दर दोन आठवड्यांनी. चार ते सहा आठवड्यांत निदान ५ गुण उतरले नाहीत, तर उपचाराचा फेरविचार. २० किंवा वर असेल तर एवढं थांबायचंच नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच पाठवा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज बाजूला ठेवून आधी त्यावर बोला. फॉर्म आत येण्याआधी बाहेरच भरू द्या. समोर बसून भरला की लोक भिडेपोटी बरे होतात!

खडूफळा:
पण विश्लेषणात सुरुवातीला त्रास वाढतोच की. मग आकड्यांवर विसंबायचं?

जुनी_सही:
वाढतो, म्हणूनच ते पहिल्या भेटीत सांगून ठेवायचं: काय वाढू शकतं, किती आठवडे वाट बघणार, दुसरे उपचार कोणते. हे संमतीपत्रात लिहून सही घ्या. आणि गोळ्या सुचवणं वेगळं, तपासणीला पाठवणं वेगळं. डॉक्टर नसलेल्यानं पहिलं करायचं नाही, दुसरं टाळायचं नाही. तपासणीला पाठवताना द्यायच्या चिठ्ठीत पीएचक्यू-९ च्या गुणांचे आकडे तारखांसह लिहा, तेही पेशंटला विचारून.