घरी गणपती बसवतो अन् शाळेत भूकंप शिकवतो, पोरांना काय सांगू?

उमरग्याचा मास्तर
मी नववीला विज्ञान शिकवतो. काल भूकंपाचा विषय निघाला, किल्लारी म्हणलं की आमच्याकडं बहुतेक घरात कोणीतरी गेलेलंच, तर एका पोरीनं विचारलं, सर, १९९३ ला आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती ना, लोक विसर्जन करून झोपले अन् ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या आत सगळं गेलं, मग विघ्नहर्ता कसला? मी घरी गणपती मनापासून बसवतो. तुम्ही श्रद्धा अन् तर्क एका डोक्यात कसे ठेवता?

सिव्हिलवाला, लातूर
सर, आधी माणसं कशानं मेली ते सांगा. भूकंप ६.२ च्या आसपासचा, पण उथळ. भिंती दगडमातीच्या, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत, अन् गळू नये म्हणून त्यावर मातीचे थर टाकत जायचे, वजन वाढतच गेलं. भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, मग हादरा बसला की भिंत दोन अंगाला फाकते अन् सगळं माळवद झोपलेल्या माणसावर. देवाचा कोप म्हणलं की घर नीट बांधायचा विषयच संपतो, माझा राग तिथं आहे. बाकी पूजा करा की, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही कीर्तन, प्रदक्षिणा, वारी कुठं बंद केली?

माळकरी, औंढा
आमच्याकडं पाऊस लांबला की धोंडी काढतेत, मी पण पाणी घालतो. पण पेरणी? ७५-१०० मिलीमीटर झाल्याशिवाय सोयाबीनची पिशवी फोडत नाही, ओल कुठवर गेली ते उकरून बघतो. धोंडी काढली मनून कोरड्यात पेरणारा गावात एक दाखवा. अन् प्रश्न विचारणं श्रद्धेच्या बाहेरचं नाही हो. नरसीच्या नामदेवाला, पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांनी याच औंढ्यात विचारलं म्हणतेत, देव नाही अशी जागा दाखव, तिथं पाय ठेवतो. त्या पोरीला गप करू नका.

सास्तूरची लेक
वरचं सगळं बरोबर असेल, पण आमच्या घरात ते असं बसत नाही. माझे दोन काका गेले. वडलांनी त्यानंतर गणपती बसवलाच नाही, आई मात्र दर नवरात्रात तुळजापूरला जाते. दोघं एकाच घरात राहतेत, कोणी कोणाला समजावत नाही. आईला विचारलं तर म्हणते, देवीनं वाचवलं असं मी म्हणतच नाही, मला तिथं जाऊन रडता येतं. सर, त्या पोरीच्या घरी कोण गेलंय ते आधी विचारा, तिला कदाचित शास्त्र नको असेल.

उमरग्याचा मास्तर
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी तिच्याशी वेगळं बोलतो. वर्गात माळवदाची भिंत काढून दाखवणार आहे, सिव्हिलवाले दादा, आरपार दगड किती अंतरावर घेतेत तेवढं सांगा.