कायमचं कोइमतूरला जायचं ठरवतोय. घरावरचा हक्कही सोडून जावं का?

शुक्रवारपेठकर

नमस्कार मंडळी. वय ४१. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पंधराएक वर्षं मेल्टिंगला होतो, शेवटी शेवटी सुपरवायझर. दिवाळीनंतर कंपनी बंद झाली. गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, सगळीकडं फिरलो. काम मिळतं, पण ठेकेदाराकडं, बारा तासांची पाळी आणि पगार आधीच्या निम्म्यावर. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत.

माझ्या मेव्हण्यांचं कोइमतूरला राजा स्ट्रीटच्या मागं गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान आहे. सासुरवाडी विट्याकडची, त्यामुळं त्यांच्याकडं घरटी एक जण तरी बाहेर असतोच. ते म्हणतात, "या, हाताखाली शिका, मग तुम्हाला वेगळी भट्टी घालून देतो." भट्टीची मला भीती नाही. आम्ही लोखंड १४०० अंशांच्या वर ओतत होतो, सोनं १०६४ लाच वितळतं.

खरा प्रश्न घराचा आहे. घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, जुनं, मातीच्या भिंतींचं. २०१९ ला पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं. तेव्हापासून भिंतींची ओल जात नाही. धाकट्या भावाला ते पाडून, जोतं उंच घेऊन नव्यानं बांधायचं आहे. तो म्हणतो, "दादा, तू कायमचा जाणार असशील तर हक्कसोड करून दे, म्हणजे कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर निघेल." त्याच्या मनात कपट नाही. आण्णांना तोच सांभाळणार आहे. आण्णा ७४ वर्षांचे आहेत. पहाटे गंगावेश तालमीत आखाड्याच्या कडेला जाऊन बसतात, संध्याकाळी दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पितात. ते कोइमतूरला येणार नाहीत आणि त्यांना 'चला' म्हणायची माझी हिंमतही नाही.

मला स्वतःला वाटतं, सही करून मोकळं व्हावं. माझ्याबरोबरची दोघं-तिघं पुण्याला, चाकणला गेली आणि वर्षाच्या आत माघारी आली. प्रत्येकाची इथं एक खोली होती, ती त्यांना ओढत राहिली. माझी खोली राहिली तर तिथल्या पहिल्या वाईट महिन्यात मीही गाडी धरीन. मागं काही उरलंच नाही तर माणूस तिथं रुजतो, असं माझं मत आहे. बायको म्हणते, तुम्ही ठरवाल तसं. ती पेठेतल्या बायकांची ब्लाउज शिवते, चांगली गिऱ्हाइकं आहेत.

जे असं सगळं सोडून गेलेत त्यांनी सांगावं. तोडून जावं का?

खानापूरचा गलाईवाला

भाऊ, मी सेलमला असतो. आमच्या घराण्यातला पहिला माणूस १९७२ च्या दुष्काळात बाहेर पडला. खानापूर, आटपाडी, तासगावकडची आमची माणसं आज तमिळनाडूपासून आसामपर्यंत मूस (सोनं वितळवायचं भांडं) घेऊन बसली आहेत. त्यांतल्या एकानंही गावचं घर मोडलेलं मी पाहिलं नाही. उलट पहिले चार पैसे आले की गावात स्लॅब टाकतात. घर वर्षभर कुलपात असतं, जत्रेला उघडतं. त्या घरामुळं माघारी फिरलेला कुणी मला माहीत नाही. माघारी फिरतात ते धंदा न जमल्यामुळं. म्हणून धंद्याचं बोलतो.

गलाईत आग सोपी, ॲसिड अवघड. जुनं सोनं आलं की टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध ते, बघायचा, हिशेबानं तिप्पट चांदी मिसळून वितळवायचं, मग नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तळाला राहतं. त्या वेळी जो तांबूस धूर निघतो तो छातीत गेला तर लगेच काही वाटत नाही, काही तासांनी श्वास अडकतो. मेव्हण्यांच्या दुकानात धूर ओढून घेणारा पंखा आहे का आणि तो धूर कॉस्टिकच्या पाण्यातून सोडतात का, हे डोळ्यांनी बघा. आपली पुष्कळ माणसं अजून माळ्यावर, खिडकी उघडी ठेवून हे काम करतात आणि तिथंच झोपतात. तसं असेल तर पोरांना तिथं नेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

दुसरं, माल कुणाचा आहे ते लिहून ठेवल्याशिवाय मुशीत घालायचं नाही. एकदा वितळलं की चोरीचं कुठलं आणि लग्नातलं कुठलं ते सांगता येत नाही, आणि पोलीस गलाईवाल्याच्याच दारात येतात. ओळखपत्राची प्रत, वजन, सही, सगळं वहीत पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही कोइमतूरला चाललाय, भाऊ! ते गाव पंपांचं आणि मोटारींचं. तिथं फौंड्र्या शेकड्यांनी आहेत, पीलमेडू आणि गणपती भागात पूर्वीपासून. इंडक्शन फर्नेसवर (विजेच्या भट्टीवर) पंधरा वर्षं काढलेला माणूस मेव्हण्याच्या हाताखाली झाडलोटीपासून का सुरुवात करतो? आधी तिथल्या फौंड्रीत नोकरी धरा, भाड्याचं घर घ्या, सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून गलाई शिका. नात्यात पगार घेतला की बोलणं अवघड होतं. वर्षभरानं दोन्हीतलं जे जमेल ते करा.

बावड्याचा तात्या

बेळगाव बघितलं का? उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, सव्वाशे किलोमीटरच्या आत. मराठी चालतं. आण्णांना काही झालं तर दोन-अडीच तासांत पोचशील. आणि जुन्या कंपनीकडून ग्रॅच्युइटी घेतलीस का? पाच वर्षांच्या वर नोकरी झाली की वर्षाला पंधरा दिवसांचा पगार हक्काचा आहे, कंपनी बंद झाली तरी. पीएफ काढू नकोस, नव्या नोकरीत त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) वळवून घे.

निवृत्त भूमापक

नगर भूमापन कार्यालयात माझी नोकरी झाली, म्हणून घरापुरतं बोलतो.

आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि घर आण्णांकडं कसं आलं ते बघा. ते त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलं असेल, तर ते हयात असताना तुमचा त्यात हक्कच निर्माण झालेला नाही. मग सोडणार काय? कर्जासाठी आण्णांची सही पुरते. पुढं कुणाला काय द्यायचं ते त्यांनी मृत्युपत्रात लिहावं. घर वडिलोपार्जित असेल तरच तुमच्या हक्कसोडपत्राला अर्थ आहे, आणि अशा वेळी बहीण असेल तर तिचाही सारखाच वाटा असतो, तिलाही विचारावं लागेल.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र तुम्हाला एकट्याला मागं घेता येत नाही. रागात, घाईत किंवा निरोपाच्या भरात ते करू नये. भावाचं काम अडतंय ते बांधकामाच्या परवान्यासाठी आणि कर्जासाठी. त्यासाठी तेवढ्यापुरतं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीनं सही करायचा अधिकार) द्या, कर्जात सहअर्जदार व्हा, किंवा मजल्यांप्रमाणे वाटणीपत्र करा. बँकेला आधी विचारा, तिला नेमकं काय हवंय. तुमच्या भावाविषयी मला शंका नाही. पण तुमच्या आणि त्याच्या मुलांची पिढी येते तेव्हा फक्त कागद बोलतो.

त्रिचूरची सून

माहेर माझं कसबा बावड्याचं. लग्नानंतर इकडं आले, मालकांचं गलाईचंच काम आहे.

तुमचं सगळं वाचलं. त्यात वहिनींचं एकच वाक्य आहे. "तुम्ही ठरवाल तसं" असं आपल्याकडच्या बाया कधी म्हणतात हे मला चांगलं माहीत आहे. मेव्हणे त्यांचे सख्खे भाऊ आहेत, त्या मोकळेपणानं नको कसं म्हणतील? एक दिवस मुलं शाळेत असताना शांतपणे बसून विचारा. तुम्हाला तिथं दुकान असेल, बोलायला माणसं असतील. त्यांची गिऱ्हाइकं, शेजार, मंगळवार-शुक्रवारचं अंबाबाईचं दर्शन एका दिवसात संपणार. मशीन मात्र बरोबर न्या. शिवणाला भाषा फार लागत नाही, माझ्या जावेनं शिवणावरच अख्खी गल्ली जोडली.

मुलीचं आधी बघा. तमिळनाडूत राज्य बोर्डाच्या शाळेत दहावीपर्यंत तमिळ सक्तीचं आहे. आठवी झालेल्या मुलीला ते झेपणार नाही. नववी-दहावीला हिंदी असलेली सीबीएसई शाळा शोधा, आणि हलवायचंच असेल तर नववीच्या सुरुवातीला हलवा. बोर्डाची नोंदणी नववीत होते, त्यानंतर शाळा बदलणं फार त्रासाचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा परिषदेतून शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्याआधीच घेऊन ठेवा, दुसऱ्या राज्यात ती मागतात.

वर्षाची चटणी डंकावर कांडून न्या. ज्वारीची काळजी नको, तिकडं मिळते.

शुक्रवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तात्या, बेळगावला दोन ठिकाणी विचारलं होतं, पगार इथल्यासारखाच सांगितला. ग्रॅच्युइटीचा अर्ज अजून दिलेला नाही, या आठवड्यात देतो.

मिळकत पत्रिका काढली. घर आजोबांच्या नावावरून आण्णांच्या नावावर आलंय, म्हणजे वडिलोपार्जित असू शकतं, वकिलाला विचारून खात्री करतो. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "मला काही नको, पण तू पण आत्ता सही करू नकोस. पंचगंगेचं पाणी ४३ फुटांच्या, धोक्याच्या पातळीच्या वर गेलं की तुझा फोन पहिला येणार आहे, हे मला माहीत आहे." भावाला कुलमुखत्यारपत्राचं सांगितलं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, बँकेत विचारतो.

बायकोला विचारलं. तिला जायचंय. पण भावाच्या घरात राहायचं नाही, वेगळी खोली पाहिजे आणि आधी शाळा बघायची, मग दुकान. एवढं स्पष्ट ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आता मी एकटा आधी जाऊन येतो, मिरजेहून राणी चन्नम्मानं बंगळूर आणि तिथून पुढं. गलाईवाले दादा, फौंड्रीत चौकशी करायची तर थेट फाटकावर जावं, की आधी ओळख काढावी लागते? मला तमिळ एक अक्षर येत नाही.