मदत हवी आहे: बल्गेरियातलं खेडं, दोन कुत्री (अडीच म्हणा) आणि जानेवारीत सांगली

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, त्यामुळे चहा घेऊनच बसा.

मी मूळची सांगलीची. पंधरा वर्षं डब्लिनला काढली, पासपोर्ट आयरिश. काम कायमचं घरून करायची परवानगी मिळाली आणि सप्टेंबर 2024 मध्ये वेलिको तर्नोवोपासून गाडीने पाऊण तासावरच्या एका खेड्यात जुनं घर घेऊन राहायला आले. एकटीच. (भारतीय पासपोर्टवर इथे घर घेता येतं, पण त्याखालची जमीन स्वतःच्या नावावर होत नाही, त्यासाठी लोक इथे कंपनी काढतात. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.) गावात हिवाळ्यात साठेक माणसं उरतात, त्यातली निम्मी ऐंशीच्या पुढची. एक दुकान, एक सरपंच, म्हणजे इथल्या भाषेत 'क्मेत', आणि दिवसातून दोनदा बस.

सोबत दोन कुत्री. तात्या हा विश्रामबागेतला अस्सल गावठी, वय आठ. त्याला 2018 मध्ये डब्लिनला नेताना सगळे सोपस्कार केले होते: चिप, रेबीजची लस, मग रक्ताची टायटर चाचणी (लस पुरेशी लागू पडली का ते बघणारी) आणि नंतर तीन महिने वाट बघणं. भुरी आयरिश, निम्मी ग्रेहाउंड. बरगड्या दिसतात, पण तब्येत उत्तम. येताना रॉसलेअर ते शेरबुर्ग बोटीने आणि पुढे सहा दिवस गाडी. कुत्र्यांकडे युरोपचे पासपोर्ट असल्याने त्यांचं कुठे अडलं नाही. मलाच तेव्हा हंगेरी-रोमानिया सीमेवर थांबावं लागलं. 1 जानेवारी 2025 पासून बल्गेरिया आणि रोमानिया जमिनीवरूनही शेंगेनमध्ये (युरोपातला सीमेवर पासपोर्ट न तपासणारा भाग) आले, आता तेवढंही नाही.

उरलेलं अर्धं म्हणजे स्पिरका. 'स्पिरका' म्हणजे बस थांबा. इथे माणूस गेला की त्याचा फोटो असलेला कागद दारावर, झाडावर, थांब्यावर चिकटवतात, आणि दर काही महिन्यांनी, वर्षांनी त्याच माणसाचा नवा कागद लागतो. आमच्या थांब्याची भिंत अशा चेहऱ्यांनी भरलेली आहे. ऑक्टोबरात त्या भिंतीखाली केळ्यांच्या खोक्यात हे पिल्लू कुणीतरी सोडून गेलं. मी ते ठेवणार नाहीये. (हे वाक्य महिनाभर म्हणतेय.)

तर मुद्दा. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन जानेवारीत मिरजेला ठरलंय. मला सहा आठवडे तरी जायला हवं. या तिघांचं काय करू?

आधी मागचा हिवाळा सांगते, म्हणजे अडचण कळेल. घर लाकडाच्या शेगडीवर तापतं. उन्हाळ्यातच नऊ घनमीटर ओक घेऊन रचून ठेवलाय. थंडी कधी उणे बारा-पंधरापर्यंत उतरते. शेगडी दोन दिवस विझली तर नळ गोठतात, म्हणजे कुत्र्यांना फक्त जेवण घालून भागणार नाही. शनिवार-रविवारी रानडुकरांची शिकार चालते, बंदुकीचे बार ऐकून भुरी पलंगाखाली शिरते. रात्री कोल्हेकुई, अगदी आपल्या उसाच्या फडातल्यासारखी. कोल्हा तोच, जातही तीच. पहिल्या रात्री तात्याने त्यांना इतकं मनापासून उत्तर दिलं की मला एकदम माहेरची आठवण आली.

आणि गोचीड. मार्चमध्ये तात्या दोन दिवस नुसता पडून होता, तिसऱ्या दिवशी लघवी कोका-कोलासारखी. शहरातल्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला: तांबड्या पेशींत बसलेले जोड-जोडाने थेंब. बॅबेसिया, गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी. इंजेक्शन झालं, वाचला. डब्लिनच्या सवयीने मी हिवाळ्यात गोचिडाची गोळी बंद केली होती, चूक माझीच. पण मी नसताना असं काही झालं तर तिसऱ्या दिवसाची वाट बघून चालणार नाही.

आता पर्याय. शेजारच्या शहराजवळ एक ब्रिटिश बाई कुत्री ठेवून घेतात, पण नाताळ ते फेब्रुवारी त्यांच्याकडे जागा नाही. घर आणि जनावरं सांभाळायला येणारे पाहुणे असतात, त्यांतले दोघं 'शेगडी पेटवावी लागेल' ऐकून गप्प झाले. तिसरा पर्याय म्हणजे शेजारच्या बाबा.

खुलासा: बल्गेरियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी. ऐंशी पार केलेल्या, एकट्या, माझ्यापेक्षा ताठ चालतात. मागच्या आठवड्यात कुंपणाशी गेले तेव्हा त्या कोबीच्या पिंपातलं खारं पाणी नळीने बादलीत काढून परत वरून ओतत होत्या. हिवाळ्याचा आंबवलेला कोबी, दर चार दिवसांनी पाणी फिरवावं लागतं. मी माझ्या मोडक्या बल्गेरियनमध्ये सांगितलं: बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मी भारतात चाललेय, तात्या इथेच राहील, तुम्ही त्याला दोन वेळा जेवण द्याल का?

त्यांनी नळी खाली ठेवली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

आता इथे मान आडवी हलवली तर हो, उभी हलवली तर नाही. पण बाबांना माहीत आहे की परदेशी माणसांचं उलटं असतं, म्हणून त्या कधीकधी माझ्यासाठी उलटं करतात. आणि मी आपली भारतीय, माझी मान तिसऱ्याच दिशेला. त्यामुळे त्या हो म्हणाल्या की नाही, हेच मला कळलेलं नाही, आणि परत विचारायची लाज वाटते.

प्रश्न असे:
तात्याला सोबत सांगलीला नेता येईल का?
बाबांना पैसे कसे द्यायचे? हातात ठेवले तर राग येईल असं वाटतं.
कुणी असं कुत्री मागे ठेवून गेलंय का?

— पायवाट

कावेरीकाठ: न्यूरेंबर्गहून. नेण्याचा विचार सोडून द्या. भारतात सामानासोबत कुत्रं आणण्याची सवलत परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परत येणाऱ्यांसाठी आहे, तीही दोन प्राण्यांपुरती. तुम्ही सहा आठवड्यांसाठी चाललाय, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागणार. परतीचं मात्र तात्याला जमलं असतं: टायटरचा निकाल युरोप सोडण्याआधी पासपोर्टात नोंदवलेला असला आणि रेबीजच्या लशीत खंड पडला नसला, तर परत येताना तीन महिने थांबावं लागत नाही. पण आठ वर्षांच्या कुत्र्याला विमानाच्या पोटात घालून न्यायचं कशासाठी? बाबा गुडघ्याला पट्टी बांधून बसलेले आणि तात्या आनंदाने त्यांच्यावर उडी मारणार.

खडूसकाका: वडिलांच्या ऑपरेशनपेक्षा कुत्र्यांची चिंता जास्त. आमच्या वेळी कुत्रं अंगणात असायचं आणि सुखी असायचं.

पायवाट: काका, तिकीट काढून झालंय. आणि शेजारच्या बाबांचं मतही अगदी तुमच्यासारखंच आहे, तुमचं जमेल.

गोठा: मी साताऱ्याकडे जनावरांचा डॉक्टर. तुम्हाला गोचीड ताप ओळखता आला हे चांगलं झालं, पण सांभाळणाऱ्याला येईलच असं नाही. बल्गेरियनमध्ये एक कागद करून फ्रिजवर लावा: जेवण सोडलं, हिरड्या फिकट पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर ढकलायचं नाही. ज्या गोचिडापासून तिकडे बॅबेसिया होतो तो थंडीला फारसा जुमानत नाही, बर्फ वितळून जरा ऊब आली की गवतावर येऊन बसतो. गोळीची पुढची तारीख तुमच्या गैरहजेरीत येत असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून सोय करा. डासांमुळे होणारा हृदयातला जंतही त्या भागात आहे, त्याचं औषध विसरू नका.

दुसरं, अंगणावर द्राक्षाचा मांडव आहे का? तिकडे घरोघरी असतो म्हणतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. दारूसाठी आंबवलेला चोथा बाहेर टाकत असतील तर तोही. आणि नाताळच्या सुमाराला घरोघरी डुक्कर कापतात, तेव्हा प्रेमाने येणारी शिजवलेली हाडं नकोत. कच्च्या डुकराचा तुकडाही नको.

पिल्लू किती दिवसांचं? बारा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय रेबीजची लस ग्राह्य धरत नाहीत.

पायवाट: मांडव आहे. सप्टेंबरभर रोज सकाळी वाकून गळलेली द्राक्षं वेचते, बाबा बघून हसतात. स्पिरका आता तेरा आठवड्यांची असेल, दातांवरून डॉक्टरांनी सांगितलं. चिप आणि लस झाली. (ठेवणार नाहीये.)

दुडगाव: मी प्लॉवदिवला, सासर बल्गेरियन. तुमचा धागा नवऱ्याला वाचून दाखवला, तो खुर्चीवरून पडायचा बाकी होता. ताई, तुम्ही काय म्हणालात ते परत बघा. 'बाबा' म्हणजे आजी, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण 'ताते' म्हणजे वडील, हे लक्षात आलं का? तुम्ही दिवसभर अंगणात 'तात्या, ये! तात्या, खाली बस!' ओरडता. त्या बाईंनी ऐकलं असणार की तुमच्या आजीचं ऑपरेशन आहे आणि तुम्ही तुमच्या वडिलांना एकटं इथे ठेवून चालला आहात, त्यांना दोन वेळा जेवण द्या म्हणताय! बराच वेळ पाहत राहिल्या त्या उगीच नव्हे.

मानेकडे बघूच नका. तोंडाने 'दा' येतं की 'ने', एवढंच ऐका. 'श्ते विदिम' म्हणाल्या तर 'बघू' असं आहे, आणि गावात 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा हो असतं.

पैशांचं: हातात देऊ नका. दोन घनमीटर लाकूड त्यांच्या अंगणात टाकून घ्या, 'जास्तीचं आलं' म्हणा. डॉक्टरकडे, औषधांच्या दुकानात गाडीने नेऊन आणा. येताना सांगलीची हळद आणा, पण कशासाठी ते समजावून सांगा. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा ती भिंतीचा रंग समजली. क्मेतलाही सांगून जा की घर रिकामं आहे आणि चाव्या कुणाकडे आहेत, गावात ही बातमी त्याच्याकडूनच फिरलेली बरी. नळांची भीती असेल तर मीटरच्या खड्ड्यातली तोटी बंद करून घरातलं पाणी सोडून द्या. मग कुत्री बाबांकडे आणि घर थंड, बाबांना दोन शेगड्या सांभाळायला लावू नका.

पायवाट: दुडगाव, तुमच्या नवऱ्याला माझ्याकडून बनित्सा (इथला चीज घातलेला खारा पदार्थ). तुम्ही म्हणता तसंच झालं होतं.

काल सकाळी बाबा फाटकाशी आल्या, हातात झाकलेलं भांडं. बीनचं सूप. 'ताते' कुठे म्हणून विचारलं. सूप मऊ शिजवलंय, म्हाताऱ्या माणसाला चावायला त्रास नको. मी तात्याला हाक मारली. तो आला, शेपटी हलवली आणि भांड्यात नाक घातलं. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग कुंपणाचा खांब धरून पाच मिनिटं हसत होत्या. डोळे पुसले, मान आडवी हलवली आणि वर 'दा, दा' म्हणाल्या. म्हणजे दोन्हीकडून हो.

तर ठरलं. घरातलं पाणी सोडून द्यायचं, कुत्री त्यांच्याकडे. हिवाळ्यात त्या अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरातच राहतात, एकच खोली, एकच शेगडी. लाकडाचा ट्रॅक्टर गुरुवारी येतोय, 'जास्तीचं'. कुणी पैशांचा विषय काढलेला नाही. तशाही त्या अजून लेव्हातच, म्हणजे जुन्या बल्गेरियन चलनातच बोलतात. 1 जानेवारी 2026 पासून युरो येणार म्हणून दुकानात ऑगस्टपासून दोन-दोन किमती लागल्यात, त्यातली खालची त्या वाचत नाहीत.

एकच गोष्ट अजून अडली आहे. भुरीच्या बरगड्या बघून बाबांची खात्री झालीय की ती आजारी आहे, म्हणून ती शेगडीजवळ झोपेल. स्पिरका लहान, म्हणून तीही आत. तात्या मात्र धट्टाकट्टा, शिवाय पुरुषमाणूस, त्याच्यासाठी बाहेर गवत घातलेलं पिंप आडवं करून ठेवलंय. पिंप नीट पुसलेलं, कोबीचा वास येतो. आठ वर्षं हा गृहस्थ माझ्या पांघरुणात झोपतो.

कुणी बल्गेरियनमध्ये एवढंच एक वाक्य लिहून द्याल का: 'तोही आतच झोपतो.' कृपया त्यात 'तात्या' हा शब्द नको.